दादाच्या पट्ट्या

त्या गाडीने दादाच्या नाकी नऊ आणले आणि दादाने माझ्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांनी मागे ठेवलेल्या एका लांबट शेडमध्ये आमचे दोघांचे धंदे चालतात. रस्त्याकडच्या भागात तो जुन्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, मागच्या भागात मी गाड्यांच्या सीट शिवते. मध्ये प्लायवुडची भिंत आहे, पण ती फक्त डोळ्यांपुरती. त्याने पाना खाली ठेवला तरी मला कळतं, आणि माझं मशीन थांबलं की पलीकडून आवाज येतो, "दोरा तुटला का?"

दादाचं कौतुक सांगायचं तर ते त्याच्या नीटनेटकेपणापासून सुरू होतं, आणि गाऱ्हाणं सांगायचं तर तेही तिथूनच. त्याच्या भिंतीवर प्रत्येक पान्यामागे त्या पान्याचा आकार रंगवलेला आहे. पाना उचलला की मागे त्याची सावली राहते, म्हणजे तो कुठे परत टांगायचा हे आंधळ्यालाही कळावं. हे एकवेळ ठीक. पण मी जेवायला घरी गेले की हा माणूस माझ्या बाजूला येतो आणि माझ्या दोऱ्यांच्या रिळांची रांग लावतो. मला निळ्याच्या शेजारी काळा लागतो, कारण ते दोन मी सारखे वापरते. त्याला निळ्याच्या शेजारी आकाशी लागतो, कारण ते बरं दिसतं. किती वेळा सांगितलं, भांडले, एकदा कात्रीसुद्धा आपटली. दुसऱ्या दिवशी रिळं पुन्हा रांगेत, आणि कात्रीही त्यांना काटकोनात.

त्याला मी पुरता दोष देत नाही. आमचे वडील हयातभर याच शेडमध्ये पाने शोधत राहिले. गिऱ्हाईक डोक्यावर उभं आणि वडील गुडघ्यांवर बसून गाडीखाली एक बोल्ट धुंडाळतायत, हे दादाने लहानपणी रोज पाहिलं. एकदा एक गिऱ्हाईक हसलं आणि म्हणालं, "या भंगारात माझी गाडी हरवू नका म्हणजे झालं." वडीलही हसले. दादा नाही हसला. त्याने त्याच दिवशी झाडू उचलला, तो अजून खाली ठेवलेला नाही.

त्याची खरी शान म्हणजे पट्ट्या. जाड काळ्या रबराच्या पट्ट्या कापून, त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडून, इंजिनातली प्रत्येक वायर तो आपापल्या भोकातून नेतो. एकीला एक चिकटून, समांतर, सरळ. बॉनेट उघडलं की माणसं म्हणायची, "हे तुमच्या दादाचं काम ना?" तो वर बघायचाही नाही, पण कान लाल व्हायचे. आणि त्याचा एक नियम होता. वायरी पट्टीत बसल्याशिवाय, बॉनेटखाली सगळं जागच्या जागी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर ट्रायलला काढायची नाही. "मध्येच बंद पडली आणि कुणी बॉनेट उघडलं, तर काय दिसेल?" म्हणजे गाडी बंद पडली याची लाज नाही, उघडल्यावर काय दिसेल याची!

दादाला एकच मुलगी. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती शेडमधले नट उचलून कुठेकुठे लपवायची आणि मग विसरायची. ती त्याच्याच हाताखाली शिकली. हात सोन्याचा, पण नीटपणाशी तिचं जन्माचं वाकडं. ती काम करून घरी गेली की दादा तिने बांधलेल्या वायरी सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. रागावून नाही, अगदी मायेने, शाळेत निघालेल्या पोराची कॉलर सरळ करावी तसा. पण रोज कॉलर सरळ करून घ्यायला पोरगी काही लहान राहिली नव्हती. हे मला दिसत होतं, वहिनीला दिसत होतं, फक्त त्याला दिसत नव्हतं.

मग ती गाडी आली. भूल देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार, आठ सिलिंडरची. माणसांना झोपवणं हा बाईंचा धंदा, पण त्यांच्या गाडीने आमची झोप उडवायची होती. सीट मी शिवल्या आणि इंजिनाचं सगळं वायरिंग खारूने केलं. एकटीने, पहिल्यांदाच.

संध्याकाळी दादाने बॉनेट उघडलं. आठ प्लगांच्या आठ वायरी. त्यातल्या सहा कशाबशा रांगेत, आणि उरलेल्या दोन भलत्याच वाटेने. एक वरून वळसा घालून गेलेली, दुसरी खालून.

"ही वायर आहे की कपडे वाळत घालायची दोरी?" दादा म्हणाला.

"बाबा, त्या दोन मुद्दाम लांब ठेवल्यात."

"मुद्दाम केलेलं आणि गबाळं केलेलं, यातला फरक मला कळतो."

खारूने तोंड उघडलं आणि मिटलं. कदाचित थकली होती. कदाचित तिला वाटलं असेल, हा माणूस विचारत तर नाहीच, मग सांगायचं कशाला? ती घरी गेली, आणि दादाने पट्ट्या काढल्या.

सकाळी तिने येऊन बॉनेट उघडलं. आठही वायरी एका ओळीत, पट्टीत, समांतर. ती बघत राहिली. मग आवाज न करता बॉनेट लावलं, हात पुसले, हातातला पाना भिंतीवरच्या त्याच्या सावलीत अगदी बरोबर टांगला आणि निघून गेली. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. तो नीट टांगलेला पाना बघून मला रडू आलं.

टेकडीपलीकडच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये तिला काम मिळालं. तिकडेच खोली घेऊन ती राहायला लागली. दादा तिच्याबद्दल एक शब्द काढत नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात तिच्याशी फोनवर बोलायची, तेव्हा बाहेर दादा रेडिओचा आवाज हळूच कमी करायचा. वहिनी बाहेर आली की विचारायचा, "कोणाचा फोन?" वहिनी म्हणायची, "राँग नंबर." तासभर चालणारे राँग नंबर फक्त आमच्याकडेच यायचे.

वर्ष होत आलं असेल. डॉक्टरीणबाई टेकडीवरच्या इस्पितळात रुजू झाल्या आणि गाडी घेऊन परत आल्या. सपाट रस्त्यावर तक्रार नाही, पण चढ लागला की गाडी आचके देते, फाट्फाट् करते आणि दम सोडते.

"मिसिंग आहे," दादा म्हणाला. म्हणजे आठांतला एखादा सिलिंडर वेळेवर पेटत नाही. आणि मग तो जे म्हणाला त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वायरिंग कोणाचं होतं, आठवतंय ना?"

मला सगळं आठवत होतं. त्याच्या मनात काय चाललंय तेही कळत होतं. खारूच्या कामात दोष सापडला, तर तिच्या वायरी सोडून बांधल्या ते योग्यच झालं. नाही सापडला, तर पोरगी विनाकारण घराबाहेर गेली. तो शोधत होता ती मिसिंग, पण त्याला हवी होती ती मुलीची चूक.

त्याने खारूने केलेली एकेक गोष्ट उचकटली. प्लग नवे घातले. डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलली, आतला रोटर बदलला. कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला. आठच्या आठ वायरी नव्या आणल्या. दरवेळी काम झालं की वायरी पुन्हा पट्टीत ओवायच्या, फडक्याने पुसायच्या, हात धुवायचे आणि मग चढावर ट्रायल. दरवेळी तो निघाला की मी मशीन थांबवून बसायची, आणि परत येणाऱ्या गाडीच्या दाराच्या आवाजावरूनच कळायचं. दार इतक्या हळू कोणी लावतं ते चिडल्यावरच.

शेडमध्ये उभी असताना मात्र गाडी गुणी बाळ. आठही सिलिंडर सारखे. एकेका प्लगची वायर काढून बघितली तर प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज सारखाच उतरायचा, म्हणजे मेलेला कोणी नाही. "इथे चालते आणि तिथे नाही. माझ्याशीच वैर आहे हिचं," तो म्हणायचा. मी म्हटलं, "माणसंही अशीच असतात, घरी एक आणि बाहेर एक." त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

एका दुपारी त्याने शटर खाली ओढलं. वायरीतून करंट बाहेर निसटत असेल तर अंधारात ठिणगी दिसते, म्हणून. शटरच्या फटींत माझ्या सीटचे फोमचे तुकडे कोंबले, इंजिन सुरू केलं, माझ्या हातात पाण्याची फवारणीची बाटली दिली. शेडमध्ये धूर, उकाडा, काळाकुट्ट अंधार, आणि मी गुडघे मोडून वायरींवर पाणी मारतेय.

"दिसली का?"

"नाही."

"नीट बघ."

"दादा, डोळे फाडून बघतेय. काजवाही नाही इथे."

त्याने इंजिन बंद केलं, शटर वर केलं. घामाने निथळत होता. "मग आहे कुठे?" तो त्या इंजिनावर ओरडला. दादा ओरडला! मला वाटलं आता बाटली फेकून मारतो. त्याने बाटलीचं झाकण घट्ट केलं, लेबल पुढे केलं आणि ती फळीवर ठेवली. मग स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला.

"खारूला विचार," मी म्हटलं.

"जिने बिघडवलं तिलाच विचारू?"

"काय बिघडवलं तिने? सापडलं का तुला? सगळं तिचं काढून झालं, सगळं नवं घालून झालं. आता उरलंय काय तिचं त्या गाडीत?"

मी माझ्या बाजूला जाऊन मशीन इतकं जोरात चालवलं की एक शिवण पूर्ण उसवावी लागली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या रागावून नाही, आणि तेच वाईट होतं. "दादा, तुमच्या मेहनतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परवा चढावर अडकले. मागे गाड्यांची रांग, आणि तिकडे पेशंट टेबलावर माझी वाट बघतोय. असं मला चालणार नाही." त्यांनी किल्ली फळीवर ठेवली. "गाडी तुमच्या मुलीच्या गॅरेजला पाठवते. वायरिंग तिने केलं होतं ना? टोइंगवाल्याला सांगते."

दादाच्या तोंडाकडे माझ्याने बघवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "दोरीला बांधून कशाला न्यायची? चालती गाडी आहे. मी पोचवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर हा बॉनेटमध्ये वाकलेला. वायरी सोडत होता. एकेक पट्टी काढून, पुसून, ड्रॉवरमध्ये ठेवत होता. आठही वायरी इंजिनावर वाट्टेल तशा लोंबत होत्या, कोणी इकडे, कोणी तिकडे.

"हे काय चाललंय?"

"गाडी जायची तर जाऊ दे. माझ्या पट्ट्या कशाला तिकडे?"

"दादा, वय काय तुझं?"

"तू तुझी शिलाई कर."

रुसलेलं पोर आपली खेळणी उचलून घरी निघतं, तसला प्रकार. मी पिशवी उचलली आणि दुसऱ्या दाराने गाडीत जाऊन बसले. एकटा सोडला असता तर कोपऱ्यावरून परत आला असता.

बॉनेटखाली असा पसारा ठेवून दादाने गाडी रस्त्यावर काढायची ही आयुष्यातली पहिली वेळ. सिग्नलला थांबला तरी इकडे तिकडे बघत होता, जणू शेजारच्याला पत्र्याच्या आतलं दिसेल. चढ सुरू झाला. मधल्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी नेहमी आचके द्यायची. त्याने खांदे आकसून घेतले. टाकी आली. टाकी मागे पडली.

गाडी चढत होती.

त्याने पाय आणखी दाबला. इंजिनाचा आवाज भरून आला, एकसारखा, आणि ती बुटकी गाडी आम्हाला सीटला चिकटवून वर निघाली. माथ्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि बॉनेट उघडून उभा राहिला. बराच वेळ.

"तुझ्याकडे दोरा आहे?"

माझ्या पिशवीत दोरा नाही असं होत नाही. त्याने लोंबणाऱ्या आठांतल्या दोन वायरी शेजारी शेजारी घेतल्या, पाच नंबरची आणि सात नंबरची, आणि दोऱ्याने एकीला एक चिकटवून लांबीभर बांधल्या. गाडी वळवून खाली उतरलो आणि पुन्हा वर निघालो. टाकीपाशी फाट्फाट् आणि आचका. त्याने तिथेच गाडी कडेला घेतली, दोरा तोडला, वायरी वेगळ्या केल्या. गाडी तिथूनच चढाला लागली आणि पुन्हा सुतासारखी सरळ वर.

माथ्यावर त्याने इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते.

"पाच पेटला की लगेच सात पेटतो," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "या दोघांच्या वायरी चिकटून नेल्या की पाचाच्या करंटचा धक्का साताला लागतो. सात वेळेआधी पेटतो. चढावर करंट जास्त लागतो, म्हणून चढावरच. ठिणगी बाहेर पडतच नाही, मग अंधारात दिसणार काय?"

"म्हणजे तुझ्या पट्ट्या."

"माझ्या पट्ट्या. दरवेळी काढायचो, दरवेळी बांधायचो, आणि मगच ट्रायलला न्यायचो." मग म्हणाला, "ती म्हणाली होती. मुद्दाम लांब ठेवल्यात."

मला बोलायला पुष्कळ होतं. वर्षभराचं साचलेलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी नुसतं दोऱ्याचं रीळ पिशवीत परत ठेवलं. आणि लगेच दुसरीच भीती वाटली. गाडी दुरुस्त झाली होती. आता इथूनच डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगता आलं असतं की सापडलं, पाठवायची गरज नाही. कोणाला काही कळलं नसतं. पट्ट्यांची अब्रू राहिली असती आणि खारू जिथे होती तिथेच राहिली असती. माझा भाऊ असं करू शकतो, हे मला माहीत होतं. मी त्याला चांगली ओळखते.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

त्याने गाडी सुरू केली, आरशात बघितलं, आणि टेकडीच्या पलीकडच्या बाजूला उतरायला लागला.

ते गॅरेज म्हणजे नुसता लखलखाट. पांढरे दिवे, चकचकीत फरशी. खारू एका गाडीखालून बाहेर आली, गालावर ग्रीस. आम्हाला बघून तिथेच थांबली.

"बाबा?"

दादाने बॉनेट उघडलं आणि बाजूला झाला. तिने आत बघितलं आणि तिचा रंगच उडाला. "तुम्ही अशी गाडी आणलीत? रस्त्यावरून?" तिला काहीतरी भयंकर घडलंय असंच वाटलं असणार. तिचा हात आपोआप खिशात गेला, बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाहेर आल्या आणि ती भराभरा त्या वायरी गोळा करायला लागली. एकीशेजारी एक, सरळ, समांतर. अगदी त्याने शिकवलं होतं तसं. तो बघतोय म्हणून.

दादाने तिचं मनगट धरलं.

"नको. असं नको. तू लावल्या होत्यास तशा लाव."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "मी न विचारता सोडलं. इतके दिवस तुझी चूक शोधत होतो. माझीच सापडली." मग म्हणाला, "आणि आईला सांग, राँग नंबर म्हणत जाऊ नकोस. मला कळतं."

खारू हसायला गेली आणि तिला रडूच आलं. ग्रीसच्या हाताने डोळे पुसले, ते आणखीच बरबटले. दादाचा हात रुमालासाठी खिशाकडे निघाला होता, तो त्याने मागे घेतला.

तिने पाचाची वायर वरून वळसा घालून नेली. साताची खालून. मध्ये चांगलं वीतभर अंतर ठेवलं, दोन ठिकाणी अडकवल्या आणि मागे सरली.

दादा वाकून बघत होता, हात पाठीमागे धरून.

"वाकडं दिसतं," तो म्हणाला.

"दिसतं," खारू म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, आणि हात पाठीमागेच ठेवले.